हेलेपोलिस, शंभरास एक: टेबलावर वेढा मांडताना

१३ एप्रिल २०२५ च्या रविवारी संध्याकाळी आमचा रोड्सचा, म्हणजे एका जुन्या ग्रीक शहराचा, टेबलावर मांडलेला वेढा उठला. सुरुवात नोव्हेंबर २०२३ ची. सतरा महिन्यांत एक मनोरा, एक तटबंदी आणि दीडशेच्या आसपास सैनिक तयार झाले. हे करायला घेतलं तेव्हा कुठून सुरुवात करावी, काय कुठे मिळतं, किती पैसे लागतात, हे मराठीत सांगणारं कुणी मला भेटलं नव्हतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलावर जमीन मांडायची, त्यावर बोटाच्या पेराएवढे सैनिक उभे करायचे, फूटपट्टीने मोजून चाल करायची आणि फासे टाकून निकाल लावायचा. पूर्वी झालेली एखादी लढाई अशी खेळून बघता येते. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते. इतिहास मी आवडीने वाचते, पण हातात करवत कधी धरली नव्हती.

ठिणगी पडली ती दिवाळीच्या किल्ल्यामुळे. भाचा दरवर्षी अंगणात मातीचा किल्ला करतो, हळीव पेरतो, मावळे मांडतो. २०२३ च्या दिवाळीत आठवीतल्या या मुलाने विचारलं, "मावशी, आपण दरवर्षी किल्ला बांधतोच. तो घेतात कसा, ते कधी करायचं?" तोफा यायच्या आधी तट कसे फोडत, हे मला नीट सांगता येईना. त्या सुट्टीत वाचत बसले आणि इ.स.पू. ३०५ च्या रोड्सपाशी येऊन थांबले.

अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याचा मुलगा डिमिट्रिअस याने रोड्स बेटावरच्या शहराला वेढा घातला. इजिप्तच्या टॉलेमीची साथ सोडायला रोड्सवाले तयार नव्हते, हे कारण. वर्षभर झुंज चालली आणि ३०४ मध्ये तह होऊन डिमिट्रिअस निघून गेला. शहर काही पडलं नाही. त्याने जो प्रचंड फिरता मनोरा उभारला त्याचं नाव हेलेपोलिस, म्हणजे शहर घेणारी. मागे राहिलेलं वेढ्याचं सामान विकून आलेल्या पैशातून रोड्सवाल्यांनी सूर्यदेवाचा तो जगप्रसिद्ध पुतळा उभारला. मला मनोरा करायचा होता आणि भाच्याला तट राखायचा होता. ठरलं.

डिसेंबर आणि जानेवारी नुसते मापांत गेले. मनोऱ्याची मापं जुन्या लेखकांनी दिली आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. डायोडोरस तळ जवळपास ५० हात चौरस आणि उंची जवळपास १०० हात सांगतो. प्लुटार्क म्हणतो तळ ४८, उंची ६६. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हिअसकडे उंची १२५ फूट आणि रुंदी ६० फूट. इथे एक गोष्ट फार कामाला आली. ग्रीकांचं मोजमाप आपल्या जुन्या मोजमापासारखंच आहे: बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात. आजीच्या तोंडची मापं समोर आली आणि पुढचं सगळं गणित मी अंगुळ-वीत-हातांतच केलं. त्यामुळे चुका कमी झाल्या असं माझं मत आहे.

सैनिकांचं माप कोणतं घ्यायचं, हे सगळ्यात आधी ठरवा. यात पुढे बदल करता येत नाही. मी १५ मिलिमीटर घेतलं, म्हणजे साधारण शंभरास एक प्रमाण. खऱ्या मीटरचा इथे सेंटिमीटर होतो, हिशेब तोंडी जमतो. २८ मिलिमीटरचे सैनिक रंगवायला सोपे आणि दिसायला देखणे, पण त्या मापात विट्रुव्हिअसचा मनोरा दोन फुटांच्या पुढे जातो आणि घरातल्या टेबलावर तटाला जागाच उरत नाही. मी विट्रुव्हिअसची मापं धरली, ३७ सेंटिमीटर उंच आणि १८ रुंद. नऊ मजले, आठ चाकं, तीन बाजूंना लोखंडी पत्रे हे डायोडोरसकडून घेतलं. अशी सरमिसळ शुद्ध नाही, पण तीन जणांत एकालाच पूर्ण खरं मानायला माझ्याकडे कारण नव्हतं.

विट्रुव्हिअसच्या शेवटच्या प्रकरणात एक गोष्ट आहे, ती प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. रोड्समध्ये डायोग्नेटस नावाचा स्थापत्यकार शहराच्या पगारावर होता. बाहेरून कॅलिअस नावाचा माणूस आला आणि त्याने व्याख्यानात तटाची छोटी प्रतिकृती दाखवली. तटावर फिरती यारी, म्हणजे क्रेन, आणि ती यारी तटाकडे येणारं यंत्र उचलून आत घेते. लोक थक्क झाले आणि डायोग्नेटसचा पगार काढून कॅलिअसला दिला. मग खरी हेलेपोलिस आली तेव्हा कॅलिअसने हात टेकले. लहानात जे चालतं ते सगळंच मोठ्यात चालत नाही, हे विट्रुव्हिअस तिथे स्पष्ट लिहितो. शहरवासीयांनी मग डायोग्नेटसच्या विनवण्या केल्या. यंत्र हाती लागलं तर ते माझं, या अटीवर तो तयार झाला. तटाला भोक पाडून त्याने रात्रभर पाणी, घाण, चिखल बाहेर ओतायला लावला, आणि सकाळी मनोरा त्यात रुतून बसला. पुढे हे काम करताना कॅलिअस सतत माझ्या डोक्यात होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाड एमआयडीसीत लेझर कटिंग करून घेतलं. आधी पुठ्ठ्याचा मनोरा करून बघा, माझे दोन रविवार त्यात गेले आणि ते सार्थकी लागले. कटिंगसाठी डीएक्सएफ फाईल, म्हणजे संगणकावर काढलेला आराखडा, लागते, ती एका माजी विद्यार्थ्याने काढून दिली. ३ मिलिमीटर एमडीएफचे, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी शीटचे, २,३५० रुपये झाले. घरी येऊन जोडायला घेतलं तर सगळे सांधे ढिले. व्हर्नियर लावल्यावर कळलं की ३ मिलिमीटर म्हणून मिळणारी शीट प्रत्यक्षात २.७ भरत होती, आणि लेझर स्वतः जे जाळतं ते वेगळंच. मजले पुन्हा कापून आणले, ९०० रुपये. शीट आधी विकत घ्यायची, मोजायची, मग फाईल काढायची. हाच क्रम ठेवा.

चाकांच्या धावा डायोडोरस दोन हात जाडीच्या सांगतो. म्हणजे शंभरास एक मापात नऊ मिलिमीटर: एमडीएफचे तीन थर एकमेकांवर चिकटवले की जवळपास तेवढं होतं.

मग आली यंत्रं, आणि या कामातला मला सगळ्यात प्रिय भाग. मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर दगडफेकी यंत्रं आणि वर बाण फेकणारी होती. ही यंत्रं धनुष्यासारखी वाकत नाहीत. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या किंवा केसांच्या दोऱ्यांचा पिळलेला जुडगा असतो, त्यात एकेक बाहू खोचलेला, आणि त्या पिळातून जोर येतो. केसांचा व्यवहार केवढा मोठा असेल पाहा: वेढ्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी रोड्सने सिनोपी शहराला मदत पाठवली, तीत ३०० टॅलेंट तयार केस होते. टॅलेंट साधारण २६ किलोचा, म्हणजे पावणेआठ टनांच्या आसपास नुसते केस.

पिळाच्या भोकाचा व्यास कळला की यंत्राचा प्रत्येक भाग त्याच्या पटीत ठरतो. बाणाच्या यंत्रात व्यास म्हणजे बाणाच्या लांबीचा नववा भाग. तीन वितींचा बाण, ३६ अंगुळं, तर भोक ४ अंगुळांचं. दगडाच्या यंत्राला दगडाचं वजन मिनांत घ्या, १०० ने गुणा, घनमूळ काढा, त्यात त्याचा दहावा भाग मिळवा, उत्तर अंगुळांत येतं. एक टॅलेंटचा दगड म्हणजे ६० मिना. ६,००० चं घनमूळ १८.१७, त्यात दहावा भाग मिळवला की जवळजवळ नेमकं २०. फळ्यावर हे करून दाखवलं तेव्हा बारावीचा वर्ग मिनिटभर शांत होता. सूत्र रोड्सच्या वेढ्यानंतरच्या, अलेक्झांड्रियातल्या कारागिरांचं आहे, पण याहून जवळचं माप हाताशी नाही. २० अंगुळं म्हणजे साडेअडतीस सेंटिमीटर, माझ्या मनोऱ्यात जेमतेम ३.९ मिलिमीटर. बाणाच्या यंत्राचं भोक पाऊण मिलिमीटरचं, ते सुई तापवून पाडलं.

पण पिळ म्हणजे काय ते हाताला कळेना. विट्रुव्हिअस लिहितो की यंत्र बांधणाऱ्याला संगीताचं ज्ञान हवं, कारण दोन्ही बाजूंचे पिळ छेडल्यावर एकाच सुरात बोलले पाहिजेत, नाहीतर बाण सरळ जात नाही. हे वाचलं आणि मार्चमधल्या एका शनिवारी मिरजेची बस पकडली. सतारमेकर गल्ली आमच्यापासून अर्ध्या तासावर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि पाजळणाऱ्यांची. हत्यारांची मागणी आटली तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यांकडे हात वळवले. मी मात्र वाद्याच्या कारागिराकडे हत्यार समजून घ्यायला निघाले होते.

ज्या चाचांच्या दुकानात गेले ते जवारी काढत बसले होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. माझं बोलणं त्यांनी काम न थांबवता ऐकलं. मी बाणाच्या यंत्राची पाचास एक मापाची लाकडी चौकट घेऊन गेले होते, दीड सेंटिमीटरची भोकं आणि नायलॉनचा पिळ. त्यांनी ती मांडीवर घेतली, डावा पिळ नखाने छेडला, मग उजवा. "ताई, ही चढलीय. ही पार उतरलीय. दोघी भांडतायत." मग म्हणाले, नायलॉन ताण धरत नाही, तात घ्या. सारंगीला लावतात ती आतड्याची तार. एका डब्यातून जुन्या तातीचे तुकडे काढून दिले, आणि तुणीच्या लाकडाची कापलेली पट्टी. लाकडाचे पैसे घेतले नाहीत.

तात भिजवून गुंडाळायची, सुकली की आवळते. पिळ ज्या कड्यात अडकवलेला असतो त्या वॉशरचा दांडा एकेक खाच फिरवायचा आणि ऐकायचं. मला सूर कळत नाही, म्हणून दोन रविवार मी चाचांकडे जाऊन बसत होते. पहिल्यांदा चार मीटरवरच्या पुठ्ठ्यावर काडी मारली तर ती वीतभर डावीकडे गेली. चाचांनी उजवा पिळ दोन खाचा चढवला, दोन्ही छेडले, मान हलवली. पुढच्या पाच काड्या मुठीएवढ्या जागेत लागल्या. (काडीच्या टोकाला रबर लावा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा, हे यंत्र खेळणं नाही.) मी विचारलं, मग शंभरास एक मापातलंही असंच सुरात लावता येईल का? चाचा म्हणाले, "सतार लहान केली म्हणून तिचा आवाज नुसता लहान होत नाही. वेगळं वाद्य होतं ते." तिथेच मी मनोऱ्यातली यंत्रं चालती करायचा हट्ट सोडला. ती नुसती दिसायला आहेत.

मे २०२४ मध्ये इंग्लंडहून धातूचे सैनिक मागवले. माल आणि टपालखर्च धरून ५७ पाउंड, बँकेच्या आकारासह ६,१५० रुपये. पार्सल मुंबईत थांबलं आणि १९ दिवसांनी पत्र आलं. मागितलेली कागदपत्रं: आधारची स्वाक्षरी केलेली प्रत, विक्रेत्याचं बिल, पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा, मालाचं वर्णन आणि विक्रीसाठी नाही असं स्वयंघोषणापत्र. वर्णन जपून लिहा. मी 'टॉय सोल्जर' हा शब्द टाळून 'न रंगवलेल्या धातूच्या प्रतिकृती, उंची १५ मिमी, प्रौढांच्या छंदासाठी, वैयक्तिक वापर' असं लिहिलं, आणि तेच खरं आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालंय, त्यामुळे खेळणं म्हणून नोंद झाली की वेगळा प्रश्न उभा राहतो. कागद पाठवल्यावर आणखी २३ दिवस गेले. ४,६२० रुपये शुल्क भरून डबा हातात आला. ही रक्कम मी धरलीच नव्हती आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दर बदलत असतात, मागवण्याआधी त्या वर्षीचा दर बघा आणि तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा.

म्हणून मनोरा ढकलणारे इथेच करून घेतले. डायोडोरस ३,४०० निवडक माणसं सांगतो, मी शंभरामागे एक धरून ३४ केली. मिरजेत दातांच्या कवळ्या-टोप्या करणाऱ्या लॅब पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे रेझिनचे थ्रीडी प्रिंटर असतात. एका लॅबमधल्या तंत्रज्ञाने कामाच्या वेळेनंतर नगाला ३० रुपयांनी छापून दिले, फाईल मी ७५० रुपयांना विकत घेतली होती. कच्च्या रेझिनला उघड्या हाताने शिवू नका, धुऊन आणि प्रकाशात पक्के करूनच घरी आणा.

जुलैत मोठी चूक केली. चाळीस सैनिक रंगवून झाले होते, भाच्याला दाखवायची घाई होती, आणि बाहेर संततधार लागली असताना मी मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. पाच मिनिटांत सगळ्यांवर पिठूळ पांढरा थर आला. दमट हवेत मॅट व्हार्निश असं धरतं. तीन आठवड्यांची संध्याकाळची कामं त्या थराखाली गेली, मी डबा बंद करून गणपतीपर्यंत उघडला नाही. नंतर ब्रशने चकचकीत व्हार्निशचा पातळ हात दिला तेव्हा रंग परत वर आले, आणि मॅटचा हात नोव्हेंबरच्या कोरड्या दुपारी दिला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर स्प्रे हातात घेऊ नका. रंगवायचं तर ब्रशनेच.

पत्रे मी अॅल्युमिनिअमच्या जेवणाच्या डब्यांचे कापले. दीड सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटर, तीन बाजूंना मिळून हजाराच्या वर. रोज रात्री जेवणानंतर थोडे थोडे, दिवाळीपासून संक्रांतीच्या आधीपर्यंत. प्रत्येक पत्र्याला मागून बोथट खिळ्याने चार टिंबं दाबली की पुढून रिबिटं दिसतात. वर काळा रंग, आणि गंजासाठी गेरू. कुंड्यांना लावतो तोच, दहा रुपयांचा. स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने पत्र्यांच्या खालच्या कडांना सोडायचा, स्पिरिट उडून जातं आणि गेरू फटीत बसतो. बाजारात गंजाची महाग भुकटी मिळते, पण गेरू मुळातच लोहाचा गंज आहे, त्यामुळे रंग खराच उतरतो. मधले काही पत्रे मी मुद्दाम निखळलेले दाखवले. एका अंधाऱ्या रात्री रोड्सवाल्यांनी केलेल्या माऱ्यात पत्रे गळून पडले आणि लाकूड उघडं पडल्यावर डिमिट्रिअसला मनोरा मागे घ्यावा लागला. सकाळी त्याने तटावरून आलेली अस्त्रं मोजायला लावली: ८०० हून अधिक पेटते बाण आणि कमीत कमी १,५०० साधे.

जानेवारीत मनोरा पूर्ण झाला तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ६४० ग्रॅम. विट्रुव्हिअस खऱ्या मनोऱ्याचं वजन ३,६०,००० रोमन पौंड सांगतो, म्हणजे साधारण ११८ टन. लांबी शंभरावा भाग केली की वजन दहा लाखावा भाग व्हायला हवं: ११८ ग्रॅम. माझा मनोरा त्याच्या पाचपटीहून जड. अख्खं वर्ष मी मापाला चिकटून राहिले होते आणि वजन भलतंच निघालं. कॅलिअसची यारी का फसली असेल ते मला त्या काट्यासमोर कळलं.

चिखलाचा तुकडा शेवटी केला. थर्माकोलच्या चौकोनावर शेतातली काळी माती चाळून, फेव्हिकॉल घालून थापली. सुकताना तिला भेगा पडल्या. पुन्हा थापली, पुन्हा पडल्या. काळी माती सुकली की फाटणारच. शेवटी लाकडाचा भुसा मिसळून तीन पातळ हात दिले आणि वर चकचकीत व्हार्निश, म्हणजे ओली दिसते.

खेळायला जागा हवी होती. आमच्या भागातल्या एका वाचनालयाची छोटी खोली मिळते असं कळल्यावर फेब्रुवारीत अर्ज दिला. भाडं ४००, अनामत ५००. अर्जात 'फासे' हा शब्द वाचून लिपिकांनी तो बाजूला ठेवला: पैशांचा खेळ नाही ना? नव्याने अर्ज लिहिला, 'कोणत्याही प्रकारची पैशांची देवघेव नाही, ऐतिहासिक प्रतिकृतींचं प्रात्यक्षिक' असं स्पष्ट घातलं, कॉलेजचं ओळखपत्र जोडलं. तो कार्यकारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत गेला आणि पाच आठवड्यांनी मंजूर झाला. तुम्ही पहिल्याच अर्जात ही दोन्ही वाक्यं घाला.

१३ एप्रिलला आम्ही सहा जण होतो, शिवाय चाचा. दुपारी दोनला मांडलं. नियम आमचे साधेच: मनोरा चालीला सहा सेंटिमीटर, पेटत्या बाणांचे फासे लागले की एक पत्रा गमावला, आणि रोड्सच्या बाजूला एकदाच, गुपचूप, चिखलाचा चौकोन मांडायची मुभा. भाच्याने तो कुठे ठेवायचा ते कागदावर लिहून घडी घालून चाचांच्या खिशात दिलं होतं. नवव्या चालीला मी मनोरा तटापासून १४ सेंटिमीटरवर आणला, तेव्हा त्याने घडी उघडायला सांगितली. चिखल नेमका चाकांखाली. त्यापुढच्या चार चालींत सुटायला लागणारा सहा एकदाही पडला नाही. चाचा मनोऱ्याच्या उघड्या बाजूने आत वाकून तिसऱ्या मजल्यावरचं दगडाचं यंत्र बराच वेळ बघत होते.

हिशेब असा: कटिंग ३,२५०, सैनिक आणि शुल्क १०,७७०, छपाई आणि फाईल १,७७०, रंग-ब्रश-व्हार्निश २,९००, पत्रे-गोंद-थर्माकोल १,४००, तात आणि चौकट ६००, खोली ४००. एकूण २१,०९०. अनामत आठवड्याने पावती दाखवून परत मिळाली.

मनोरा आता प्लॅस्टिकच्या खोक्यात आहे, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. त्या दर महिन्याला तव्यावर हलक्या भाजून परत ठेवते. खोका वरच्या मजल्यावर, माळ्यावर. आमचं घर सांगलीच्या गावभागात, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की खालच्या खोलीतल्या वस्तू आम्ही वर न्यायला लागतो.